मुलांच्या फोनचा ठावठिकाणा: पालकांच्या नकाशामागची पार्श्वभूमी

शाळेत किंवा कॉलेजात गेलेले मूल या क्षणी कुठे आहे, हे पालकांना आपल्या फोनवरच्या नकाशात सतत दिसत राहणे आता बऱ्याच घरांच्या अंगवळणी पडले आहे. ज्या तंत्रावर ही सोय उभी आहे ते मुलांसाठी किंवा पालकांसाठी तयार झालेले नव्हते, आणि पालकांच्या हाती ते प्रथम आले तेव्हा ते आजच्याइतके निमूटपणे चालतही नव्हते. या दुसऱ्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही.

उपग्रहांच्या संकेतांवरून ठिकाण काढणाऱ्या जीपीएसचा पहिला उपग्रह अमेरिकेने १९७८ मध्ये सोडला तो आपल्या सैन्यदलांसाठी. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन एअरलाइन्सचे प्रवासी विमान पाडले गेले, त्यात २६९ जण मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली ठेवण्याचे जाहीर केले. तरीही नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळली जात असे, त्यामुळे दाखवलेले ठिकाण शंभरेक मीटरनेही चुकू शकत असे. ही मिसळ मे २००० च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने बंद झाली, आणि मूल क्लासच्या इमारतीत आहे की समोरच्या चौकात, इतपत फरक सामान्य ग्राहकाच्या उपकरणाला कळू लागला.

फोनमध्ये हे तंत्र शिरले ते मात्र वेगळ्याच कारणाने. मोबाइलवरून मदत मागणारा माणूस नेमका कुठून बोलतो आहे, हे अमेरिकेच्या ९११ या आपत्कालीन क्रमांकावरील यंत्रणेला कळत नसे. म्हणून तिथल्या दळणवळण आयोगाने १९९६ पासून मोबाइल कंपन्यांना कॉल करणाऱ्याचे ठिकाण कळवण्याची सक्ती करायला सुरुवात केली. हँडसेटच्या मदतीने ठिकाण शोधणाऱ्या कंपन्यांसाठी पुढे ठरलेला निकष तीनपैकी सुमारे दोन कॉल ५० मीटरच्या आत शोधता यावेत, असा होता. संकटातल्या एका कॉलसाठी केलेली ही तजवीज फोनमध्ये कायमची बसली, आणि तिच्यावर आणखी काय विकता येईल हा विचार कंपन्यांनी ओघानेच केला.

ब्रिटनमध्ये या विचाराला एका गुन्ह्याची किनार होती. ऑगस्ट २००२ मध्ये सोहॅम या गावातून दहा वर्षांच्या दोन मुली बेपत्ता झाल्या आणि त्यांचा खून झाल्याचे उघडकीस आले. त्यांच्यापैकी एकीचा मोबाइल शेवटी कोणत्या टॉवरशी जोडलेला होता, हा तपासातला महत्त्वाचा दुवा ठरला. पुढच्या काळात टॉवरच्या आधारे मुलाचा फोन शोधून देणाऱ्या सेवा तिथे निघाल्या. त्यांची अचूकता शहरात काही शे मीटर आणि खेड्यात त्याहून बरीच ढोबळ होती. पण लक्षात ठेवण्यासारखी आहे ती २००४ मध्ये तिथल्या मोबाइल कंपन्यांनी स्वतःसाठी आखलेली आचारसंहिता. जिचा ठावठिकाणा घ्यायचा त्या व्यक्तीची संमती या संहितेने आवश्यक मानली होती, आणि ‘तुमचा फोन शोधला जाऊ शकतो’ अशी आठवण देणारा एसएमएस त्या फोनवर अधूनमधून, आगाऊ न सांगता यावा, अशी अटही घातली होती. पोरगे दहा वर्षांचे असले तरी त्याला अंधारात ठेवून हे करायचे नाही, एवढे तरी त्यातून ठरले होते.

अमेरिकेत २००६ मध्ये स्प्रिंट आणि व्हेरायझन या कंपन्यांनी मासिक शुल्क आकारून अशा कौटुंबिक सेवा आणल्या. पालकांनी ठिकाण विचारायचे आणि उत्तर मिळवायचे, असे त्यांचे मुख्य स्वरूप होते. स्प्रिंटच्या सेवेत तर तसे विचारले गेल्याचा संदेश मुलाच्या फोनवरही जाई. शोध ही तोवर एक सुटी कृती होती. ती करावीशी वाटायला काहीतरी निमित्त लागे.

स्मार्टफोनने हे निमित्तच काढून टाकले. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या गुगल लॅटिट्यूडमध्ये मित्रमंडळी नकाशावर एकमेकांना दिसू लागली, मात्र त्यात फक्त शहर दाखवण्याची किंवा स्वतःचे ठिकाण हाताने टाकण्याची मुभा होती, म्हणजे थाप मारण्याची सोय शाबूत होती. ॲपलने २०११ मध्ये मित्र शोधण्याचे ॲप आणले आणि २०१९ मध्ये ते हरवलेला फोन शोधण्याच्या ॲपशी जोडून टाकले. वस्तू आणि माणूस एकाच पडद्यावर शोधायची ही जुळणी तांत्रिकदृष्ट्या सोयीची खरी, पण मला ती आजही खटकते. गुगलने २०१७ मध्ये पालकांना मुलाच्या फोनवर लक्ष ठेवू देणारे फॅमिली लिंक हे ॲप सुरू केले. २००५ च्या कतरिना चक्रीवादळातल्या ताटातुटीवरून सुचलेले लाइफ३६० हे ॲप तर अमेरिकी कुटुंबांत इतके पसरले, की त्यावर चिडलेल्या किशोरवयीन मुलांनी ॲप स्टोअरवर त्याला एक-एक तारा देण्याची मोहीमच उघडली. कंपनीने २०२० मध्ये तोडगा काढला: नेमक्या बिंदूऐवजी काही काळ एक मोठे वर्तुळ दाखवण्याची मुभा मुलाला मिळाली, आणि गरज पडल्यास ते वर्तुळ फोडून नेमके ठिकाण पाहण्याचा अधिकार पालकांकडे राहिला.

आपल्याकडे या काळात वेगळीच रीत होती. ‘पोचलास की मिस्ड कॉल दे’ असे बजावून मुलांना क्लासला धाडले जाई. एक रिंग वाजली की आई निश्चिंत, आणि पैसाही खर्च होत नसे. खबर देणे मुलाच्या हातात होते. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर सुरक्षेचा विषय ऐरणीवर आला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोबाइलमध्ये २०१७ पासून पॅनिक बटन आणि २०१८ पासून जीपीएस सक्तीचे करणारे नियम काढले. ऑक्टोबर २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आले. ते पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तासांनी आपोआप थांबते आणि ते पाठवणाराच सुरू करतो, म्हणून मिस्ड कॉलच्या रीतीला ते सर्वांत जवळचे आहे.

या सगळ्यात एक गैरसमज टिकून आहे. उपग्रहाला मुलाविषयी काहीच ठाऊक नसते. फोन उपग्रहांचे, टॉवरचे आणि आसपासच्या वाय-फायचे संकेत घेऊन स्वतःचे ठिकाण काढतो आणि ते कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. पालक पाहतात ती त्या सर्व्हरवरची नोंद. बॅटरी संपली की नकाशावरचा ठिपका शेवटच्या जागी थिजतो, आणि घरात घबराट उडते ती बऱ्याचदा एवढ्यावरूनच. ती नोंद आणखी कोणाकडे जाते, हा प्रश्न डिसेंबर २०२१ मध्ये ‘द मार्कअप’ या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शोधवृत्ताने चव्हाट्यावर आणला: लाइफ३६० आपल्या वापरकर्त्यांची ठिकाणे, मुलांचीही, माहितीच्या दलालांना विकत होती. पुढच्याच महिन्यात कंपनीने अचूक ठिकाणांची अशी विक्री बव्हंशी थांबवण्याचे जाहीर केले.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, म्हणजे अकरावी-बारावीची मुलेही त्यात आली. बालकांचा माग काढण्यास कंपन्यांना कलम ९ ने मनाई केली. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीने बालकाच्या सुरक्षेसाठी त्याचे त्या-त्या क्षणीचे ठिकाण जाणून घेण्यास सवलत दिली आहे. माहितीचा वापर तेवढ्याच कामापुरता असावा, ही तिची अट आहे. ज्याचे ठिकाण पाहिले जाते त्या मुलाला ते कळवावे, अशी अट त्या सवलतीत नाही.