विंडोज ११ घालण्याआधी: दुकान आणि ऑफिसच्या संगणकांसाठी माहितीपत्रक

विंडोज १०ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. संगणक त्यानंतरही सुरू होतो, टॅली उघडते, बिलं निघतात, त्यामुळे काम पुढे ढकललं जातं. अशा संगणकावर निदान नेट बँकिंग तरी करू नका. तुमची विंडोज १० अस्सल असेल, तर ११साठी वेगळे पैसे लागत नाहीत. होमचं होम राहतं, प्रोचं प्रो.

मशीन चालेल का?

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप चालवलं की उत्तर मिळतं. ढोबळ अंदाज प्रोसेसरच्या नावावरूनही येतो. आय५-८२५० म्हणजे आठवी पिढी, चालेल. आय५-७२०० म्हणजे सातवी, चालणार नाही. रॅम किमान ४ जीबी लागते, पण ४ जीबीत टॅली आणि ब्राउझर एकत्र उघडले की मशीन रडतं. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी धरूनच चला.

'टीपीएम २.० नाही' (टीपीएम म्हणजे ११ला लागणारी सुरक्षेची सोय) असा निरोप आला म्हणून लगेच मशीन बदलू नका. बऱ्याचदा ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने. पण लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर बायोसला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. नाहीतर पुढच्या वेळी मशीन सुरू होताना ती की मागतं, आणि की नसेल तर डेटा गेला.

'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये बायोस मोडसमोर 'लेगसी' (मशीन सुरू होण्याची जुनी पद्धत) दिसलं तर क्रम सांभाळा. आधी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीतून जीपीटी या नव्या मांडणीत बदलायची, मग बायोसमध्ये यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) करायचं. उलट केलं तर विंडोज सुरूच होत नाही. विंडोजमध्ये यासाठी एमबीआर-टू-जीपीटी ही सोय आहे आणि तिने डेटा जागेवर राहतो. मात्र डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ती नकार देते.

अटी चुकवून ११ घालून देणारे भेटतील. तसं केल्यास पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओसारख्या जुन्या मशीनवर तर विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत.

खरी अडचण जुन्या सामानाची

विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडून तुमची सध्याची विंडोज किती बिटची आहे ते पाहा. ३२-बिट असेल तर वरच्यावर (फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवून) अपग्रेड होत नाही, फॉरमॅट करूनच घालावी लागते. फॉक्सप्रोत लिहिलेलं डॉसचं जुनं बिलिंग विंडोज ११वर चालणार नाही. ज्या प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त ३२-बिटचा आहे तोही नाही. त्यामुळे प्रिंटर, बारकोड स्कॅनर, वजनकाटा यांच्या मॉडेलची यादी आम्हाला आधी द्या, ड्रायव्हर मिळतो का ते आम्ही पाहतो.

मराठी मजकूर श्री-लिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर फॉरमॅटनंतर तो इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसेल. मजकूर शाबूत असतो, फॉन्ट गेलेला असतो. फॉन्टच्या फाइली आणि त्या पॅकेजची सीडी किंवा डोंगल बाजूला काढून ठेवा. महत्त्वाच्या कागदांची एक पीडीएफ प्रतही करा.

टॅलीचं लायसन्स फॉरमॅटआधी सरेंडर करा, म्हणजे नंतर पुन्हा ॲक्टिव्हेट करताना अडत नाही. डेटा फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेला बॅकअप आम्ही बॅकअप मानत नाही. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्येच असतं, त्याला धक्का लागत नाही. फक्त ड्रायव्हर परत घालावा लागतो. 'इनिशियलाइज टोकन' मात्र कधीही दाबू नका, त्याने प्रमाणपत्र पुसलं जातं.

कधी करायचं?

जीएसटी भरायच्या ११ आणि २० तारखेच्या तोंडावर नको, मार्चअखेर तर नकोच. सी ड्राइव्हवर ३० जीबी मोकळे ठेवा आणि बाहेरची सगळी यूएसबी उपकरणं काढून ठेवा. तीन-चार संगणक असतील तर आधी कमी कामाचा एकच करा. त्यावर आठवडाभर बिलं, प्रिंट आणि रिटर्न करून पाहा. वरच्यावर अपग्रेड केलं असेल, तर जुन्या विंडोजवर परत जायला १० दिवस मिळतात. तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका, कारण त्यात 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसलं गेलं की परतीची वाट बंद होते.

मशीन ११च्या अटींत बसतच नसेल, तर घरगुती वापराच्या विंडोज १०ला नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं.