जो दिसतो, तो अदृश्य कसा?

समजा, एका खेळात एक चेटकीण अदृश्य झाली आहे. पण अदृश्य गोष्टी दिसाव्यात म्हणून तुमच्या पात्राने आधीच मंत्र म्हटलाय, त्यामुळे तुम्हाला ती लख्ख दिसते. तुम्ही तलवार उगारता. आता तुमचा वार हुकण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असावी का?

बहुतेकांचं उत्तर 'मुळीच नाही' असं येईल. पण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या २०१४ सालच्या नियमपुस्तकातलं वाक्य शब्दशः धरलं तर उत्तर 'हो' असं निघतं. खेळाचे तेव्हाचे प्रमुख नियमकर्ते जेरेमी क्रॉफर्ड यांनीही लिहिलेल्या नियमाचा अर्थ तोच होतो, असं सांगितलं होतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणलेल्या या खेळात पट किंवा सोंगट्या नसल्या तरी चालतं. प्रत्येक जण एकेक पात्र चालवतो, गोष्ट पुढे नेणारा 'डंजन मास्टर' उरलेलं जग सांभाळतो, आणि वार लागला की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. परिस्थिती अनुकूल असेल तर 'अ‍ॅडव्हांटेज' मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. प्रतिकूल असेल तर 'डिसअ‍ॅडव्हांटेज', म्हणजे दोनातला लहान. वार लागायला ११ किंवा जास्त हवे असतील तर एका फाशाने शक्यता ५० टक्के असते. अ‍ॅडव्हांटेजने ती ७५ होते, डिसअ‍ॅडव्हांटेजने २५. एका वाक्याच्या अर्थावर एवढं अवलंबून असेल तर लोक भांडणारच.

अदृश्यतेच्या त्या नोंदीत दोन मुख्य कलमं होती. पहिलं असं, की असा प्राणी जादू किंवा विशेष ज्ञानेंद्रियाशिवाय दिसू शकत नाही. दुसरं असं, की त्याच्यावरच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हांटेज आणि त्याने केलेल्या हल्ल्यांना अ‍ॅडव्हांटेज. दुसरं कलम पहिल्यामुळे लागू होतं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते 'कारण' वाचणारा आपल्या पदरचं घालतो.

असं का घालतो, याचं उत्तर तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत सापडतं. बोलणारा आपल्याशी सहकार्य करतोय, उगाच असंबद्ध बोलत नाहीये, असं ऐकणारा गृहीत धरतो आणि शब्दांमधल्या फटी त्या भरवशावर बुजवतो. 'वीज गेली आणि लिफ्ट बंद पडली' हे ऐकल्यावर लिफ्ट विजेअभावी थांबली, असंच आपण समजतो. वाक्यात मात्र फक्त 'आणि' आहे. अशा ध्वनित अर्थाची खूण म्हणजे तो मागे घेता येतो. 'वीज गेली आणि लिफ्ट बंद पडली, पण तिचा दोर आधीच तुटला होता' यात विसंगती नाही. काटेकोर वाचणारा खेळाडू नेमकं हेच करतो. 'कारण' छापलेलं नाही ना, मग मी ते मानणार नाही! चिडायला होतं, पण तर्कात खोट काढता येत नाही.

खोट असलीच तर पुस्तकाच्या भाषेत आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ठरावीक अर्थाच्या शब्दांची चौकट फार कडक होती. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मुद्दाम रोजची, गप्पांची भाषा धरली. तरी काही शब्द पारिभाषिक राहिलेच, आणि कोणता शब्द कोणत्या कानाने ऐकायचा हे दरवेळी सांगितलेलं नसतं. चोर-पात्राच्या 'स्नीक अटॅक'चं, म्हणजे संधी साधून केलेल्या जादा घातक वाराचं, उदाहरण घ्या. तो 'दर टर्नला एकदा' करता येतो. नवखा खेळाडू याचा अर्थ सहा सेकंदांच्या फेरीत एकदा, असा लावतो. पण टर्न म्हणजे फेरीतली कोणा एकाची पाळी. शत्रू त्याच्या पाळीत पळू लागला आणि चोराने संधी साधून वार केला, तर तोही स्नीक अटॅक होऊ शकतो. म्हणजे एका फेरीत दोन. इथे काटेकोर वाचणारा बरोबर ठरतो, आणि नियमकर्त्यांच्या मनातही तेच होतं.

अर्थ लावण्याच्या या भांडणाला आपल्याकडे फार जुनं शास्त्र आहे. वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या जैमिनींच्या मीमांसासूत्रांत श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणं क्रमाने दिली आहेत. दोघांत विरोध आला की नंतरचं दुबळं, कारण ते अर्थापासून लांबचं. थेट सांगितलेल्या शब्दापुढे (श्रुती) संदर्भ (प्रकरण) हरतो. चेटकिणीच्या खटल्यात जैमिनी बहुधा क्रॉफर्ड यांच्या बाजूने बसले असते! पण एक फरक मोठा आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय, त्यामुळे 'लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं' हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. खेळाच्या या आवृत्तीचे लेखक मात्र माणसं आहेत आणि त्यांना विचारता येतं. म्हणूनच २०१५ मध्ये क्रॉफर्ड यांनी तीन वाचनं वेगळी मांडली: लिहिलेला नियम, लेखकाच्या मनातला नियम आणि टेबलावर मजा आणणारा नियम. माझं मत विचाराल तर चेटकिणीच्या बाबतीत मी पहिलं वाचन बेलाशक सोडून देईन.

२०२४ च्या सुधारित पुस्तकाने ती फट बुजवली. ज्याला अदृश्य प्राणी कसाही का होईना दिसतो, त्याच्याविरुद्ध हल्ल्याचा हा फायदा मिळत नाही, असं आता स्पष्ट छापलं आहे. पण त्याच पुस्तकात लपण्यात यशस्वी झालेल्या पात्रालाही हीच 'अदृश्य' अवस्था मिळते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ला केला, तोंडी मंत्र म्हटला किंवा शत्रूने 'शोधून काढलं', की ती संपते. आता तुमचा चोर पिंपामागे लपला, फासा चांगला पडला, आणि मग तो मुकाट्याने बाहेर येऊन उजेडात पहारेकऱ्यासमोर उभा राहिला. पहारेकऱ्याने डोळे उघडे ठेवले एवढ्याने त्याने चोराला 'शोधून काढलं' असं होतं, की त्यासाठी त्याला स्वतःच्या पाळीतली कृती खर्चून फासा टाकावा लागेल? टेबलाटेबलावर याची दोन्ही उत्तरं दिली जातात.