रत्नागिरी सावकाश पाहण्यासाठी: आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. आमच्या दोन दिवसांच्या फेरीसाठी तुम्ही नाव नोंदवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. येण्याआधी हे पत्रक एकदा निवांत वाचा. ठिकाणांची यादी कुठेही मिळते, पण गोष्ट माहीत असली की तीच जागा वेगळी दिसते, असा आमचा अनुभव आहे.

रत्नागिरीला बरेच पाहुणे एका दुपारचा वेळ देतात. थिबा पॉइंटवर सूर्यास्त, मांडवीला भेळ, आंब्याची पेटी, की निघाले गणपतीपुळ्याला. त्यात चूक काही नाही. पण हे गाव कोण कुठून आलं, कोण इथे अडकलं आणि कोण परत फिरून आलं याच्या गोष्टींनी भरलेलं आहे. त्या घाईत कळत नाहीत. म्हणून आम्ही एका फेरीत आठच माणसं घेतो आणि ठिकाणंही मोजकीच ठेवतो.

पहिला दिवस: शहर

सुरुवात थिबा राजवाड्यापासून. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि मंडालेहून आधी मद्रासला व 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? त्या काळाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. रेल्वे नाही, मागे सह्याद्री, पुढे समुद्र. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की गाव जगापासून तुटायचं. नजरकैदेसाठी याहून सोयीची जागा कोणती असणार?

आज आपण पाहतो तो राजवाडा राजाला मिळाला 1910 मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं तो दुसऱ्या बंगल्यांतून राहिला, आणि या वाड्यात जेमतेम सहा वर्षं. 1916 च्या डिसेंबरात तो इथेच वारला. वरच्या मजल्यावर अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांना रंगीत काचा आहेत. सकाळच्या उन्हात त्यांचे निळे-तांबडे ठिपके जमिनीवर पडतात. तिथे आम्ही पाच मिनिटं काही न बोलता थांबतो. वाड्यात आता शासनाचं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असतं, म्हणून आमची फेरी सोमवारी नसते.

राजापेक्षाही आम्हाला जवळची वाटते ती त्याच्या थोरल्या मुलीची गोष्ट. राजाकडचे रखवालदार गोपाळ सावंत यांच्यावर तिचा जीव जडला. त्यांची मुलगी टूटू. राजा गेल्यावर 1919 मध्ये राणी सुपयालत मुलींना घेऊन रंगूनला परतली. थोरली राजकन्याही गेली, पण पुढे ती परत रत्नागिरीलाच आली आणि 1947 मध्ये इथेच तिने डोळे मिटले. टूटूने सगळं आयुष्य याच गावात काढलं. संसार साधा, परिस्थिती बेताची, बोली मराठी. 2000 साली ती गेली. तिला पाहिलेली माणसं रत्नागिरीत अजून आहेत. एका राजाची नात आपल्यासारखीच बाजारहाट करत होती, हे त्यांच्या तोंडून ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

शिवाजीनगर भागात राजाची समाधी आहे. तिथे त्याच्या दुसऱ्या, धाकट्या राणीचेही अवशेष आहेत. म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन 2012 मध्ये इथे दर्शनाला येऊन गेले. बहुतेक सहली ही जागा वगळतात. आम्ही वगळत नाही.

तिथून टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान. 23 जुलै 1856 ला ते इथे जन्मले आणि दहा वर्षांचे असताना वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला गेले. कौलारू घर आहे, अंगण आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना अंगणात जरा बसू द्या. मग पतितपावन मंदिर. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात, 1931 मध्ये, भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने हे मंदिर बांधलं आणि सर्व जातींच्या लोकांना ते पहिल्या दिवसापासून खुलं होतं. भागोजीशेठ इथलेच, गरिबीतून वर आलेले. त्यांचं नाव बाहेरगावी फारसं कुणी घेत नाही, याची आम्हाला खंत आहे.

दुपारी जेवणानंतर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय. हे कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. इथला देवमाशाचा सांगाडा पाहताना त्याच्या पुढच्या परांची हाडं नक्की बघा. बोटांसारखी पेरं दिसतात. देवमासा हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे, हे मुलांना शंभर वेळा सांगून कळत नाही ते तिथे एका नजरेत कळतं.

संध्याकाळी मांडवी. इथली वाळू काळसर, म्हणून हा काळा समुद्र. मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा समुद्र. काळेपणा येतो इल्मेनाइट या जड खनिजामुळे. मूठभर वाळू तळहातावर घेऊन उन्हात हलवा, चमचमते कण दिसतील. मग परत टाका, बाटलीत भरून नेऊ नका.

दुसरा दिवस: सडा आणि किनारा

भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, गावखडी करत आपण कशेळीला जातो. कोकणात जांभ्या दगडाच्या पठाराला सडा म्हणतात. एरवी उजाड वाटणाऱ्या या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कातळशिल्पं कोरून ठेवली आहेत. गावकऱ्यांना काही चित्रं पूर्वीपासून ठाऊक होती. पण रत्नागिरीच्या काही निसर्गप्रेमी मंडळींनी गेल्या दशकात सडेच्या सडे पायी तुडवून त्यांचा नीट शोध घेतला, तेव्हा त्यांचं मोल जगाला कळलं. 2022 मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांबीचा आहे. जवळ उभं राहिलात तर नुसत्या रेघा दिसतात. थोडं मागे सरका, मग सोंड सापडते, मग पाय, आणि मग हत्तीच्या अंगातच कोरलेले मासे आणि इतर प्राणी दिसू लागतात. भर दुपारी काहीच कळत नाही. ऊन तिरपं असलं की रेघेत सावली धरते, म्हणून आपण सकाळी लवकर पोहोचतो. कोकणातल्या इतर सड्यांवर गेंडाही कोरलेला आहे. आज गेंडा कोकणात कुठे? कोरणाऱ्याने तो पाहिला असणार, आणि तेव्हाचं रान आजच्यासारखं नसणार.

इथे आमची कळकळीची विनंती आहे. चित्रावर पाय देऊ नका. फोटोत उठून दिसावं म्हणून रेघांत खडू, चुना किंवा पाणी घालू नका. जांभा कठीण वाटतो, पण तो झिजतो. पावसाळी फेरीत आलात तर याच सड्यावर दिपकाडीची पांढरी फुलं आणि सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे असतात. तेव्हाही पायवाट सोडू नका.

परतताना गावखडीचा किनारा. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वाळूत दीडेक फुटाचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबते आणि मागे न बघता समुद्रात जाते. वनखातं आणि गावचे कासवमित्र ती अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागेत हलवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड राहिली तर नर.

एक नवलाची गोष्ट. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून!

पिल्लं समुद्रात सोडतात तो क्षण बघायला मिळाला तर दोरीच्या अलीकडेच उभे राहा. पिल्लू हातात मागू नका. ते वाळूवरून स्वतःच्या पायांनी जायला हवं. बॅटरी, मोबाइलचा उजेड, फ्लॅश सगळं बंद, कारण पिल्लू उजेडाकडे वळतं आणि वाट चुकतं. पिल्लं कधी निघतील हे आम्ही ठरवू शकत नाही. त्यामुळे ती दिसतीलच असं आम्ही कुणालाही कबूल करत नाही, आणि त्यासाठी वेगळे पैसेही घेत नाही.

बरोबर काय आणाल

टोपी, पाण्याची बाटली, पकड चांगली असलेल्या चपला किंवा बूट. सड्यावर सावली नाही. ज्येष्ठांना गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी कळवा, वाड्याच्या जिन्यापाशी आणि सड्यावर आपण त्यांच्या चालीने जाऊ. दोन्ही दिवस जेवण घरगुती: शाकाहारी किंवा मासे, जे हवं ते आदल्या रात्री सांगा. कासवांच्या हंगामात दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघतो. चहा थर्मासमध्ये भरून आम्ही आणतो.