ग्रॅव्हल सायकलचा शॉकअप: रुबेच्या दगडांपासून पेव्हर ब्लॉकपर्यंत

ग्रॅव्हल सायकल म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, पण खडी-मातीच्या रस्त्यांवरही चालणारी सायकल. तिला पुढे शॉकअप दिसला, की आरेच्या रस्त्यावरचे जुने सायकलवाले विचारतात, "मग एमटीबीच (माउंटन बाइक) का नाही घेतलीत?" प्रश्न रास्त आहे. पण वळलेलं हँडल आणि शॉकअप ही जोडी ग्रॅव्हल सायकलींच्याही आधीची आहे.

अमेरिकेतली रॉकशॉक्स कंपनी १९८९ ची. तिचा पहिला शॉकअपवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), आरएस-१, डोंगरउतारांसाठी होता. तीनच वर्षांत तिचे फोर्क थेट रोड रेसमध्ये शिरले, तेही पॅरिस-रुबेसारख्या, उत्तर फ्रान्समधल्या ओबडधोबड दगडी रस्त्यांवरच्या शर्यतीत. १९९२ आणि १९९३ अशी सलग दोन वर्षं फ्रेंच सायकलपटू जिल्बेर द्युक्लो-लासालने ती जिंकली, पुढे शॉकअप लावून. तरी रोड सायकलींत तो टिकला नाही. वजन वाढायचं, आणि असे दगड रोज कुणाच्या वाट्याला येतात?

ग्रॅव्हलवाल्यांच्या येतात. अमेरिकेत कॅन्ससमधली २०० मैलांची ग्रॅव्हल शर्यत २००६ मध्ये सुरू झाली, तेव्हा भिस्त टायरवरच होती. २०१५ मध्ये कॅननडेल कंपनीने 'स्लेट' ही सायकल आणली. पुढे एकच पाय असलेला फोर्क, ट्रॅव्हल, म्हणजे शॉकअप दबण्याचं अंतर, फक्त ३० मिमी. २०२१ मध्ये रॉकशॉक्सचा 'रूडी' आणि फॉक्स कंपनीचा '३२ टेपर-कास्ट' हे फोर्क आले, तेही ३० ते ५० मिमीचेच. एमटीबीला १०० मिमी सहज असतो. इथे उड्या मारायच्याच नाहीत. मनगटात भरणारी थरथर कमी झाली की काम झालं. फोर्क जास्त उंच केला तर पुढचा भाग वर येतो आणि हँडल सुस्त होतं.

मुंबईत तर ऑनरोड-ऑफरोड हा भेदच पोकळ. सिग्नलजवळ एक पेव्हर ब्लॉक खचलेला, शेजारचा वर आलेला. पुढे काँक्रीटचे सांधे. मग केबलसाठी खणून कसाबसा बुजवलेला चर. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीचा चढ लागला की शॉकअप लॉक करावा, नाहीतर उभं राहून पॅडल मारताना पुढचं चाक डुलतं. उतरताना मोकळा सोडावा.

माझं मत विचाराल तर आधी ४० मिमीचे टायर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा. शॉकअप त्यानंतर, कारण साध्या कार्बन फोर्कपेक्षा तो दुपटीहून जड. शिवाय पावसाळ्यात घरी आल्यावर त्याच्या चकचकीत नळ्या ओल्या फडक्याने पुसाव्याच लागतात. सीलखाली चिखलाचे कण गेले की नळीवर ओरखडे पडतात.