गोव्यातील भाताची कोठारे: कुलपापासून कॅफेपर्यंत

फोंडा, डिचोली, पेडण्यातल्या जुन्या घरांमागची भाताची कोठारे आता कॅफे आणि होमस्टेसाठी मागितली जातात. चिऱ्यांचे जोते, त्यावर माट्टीच्या किंवा फणसाच्या लाकडाचे खांब, खाच-खुंटीत बसवलेल्या तुळया. मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना निघाला आणि पुढे नारळाच्या चुडतांची छपरे कौलारू होत गेली.

कोठारे रिकामी झाली ती गोवामुक्तीनंतर. 1964 च्या कूळ कायद्याने खंडाला, म्हणजे कुळाने जमिनीपोटी द्यायच्या वाट्याला, लगाम घातला. 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कूळच मालक झाले. खंडाचे भात भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) दारी यायचे थांबले. योग्यच झाले, पण इमारतीचे काम संपले.

खरा गुंता 1975 च्या मुंडकार कायद्याचा. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या मर्जीवर राहणाऱ्या मुंडकारांना त्याने हक्काचे घर दिले, खेड्यात 300 चौरस मीटरपर्यंतची जागा विकत घेण्याची सोय केली. मग कोठारात राखणीला ठेवलेला माणूस मुंडकार ठरतो का? कायद्याच्या व्याख्येत आउटहाउसमध्ये देखभालीसाठी राहणाऱ्याला स्पष्ट वगळले आहे. पण तसे ठेवल्याचा कागद कोणापाशी? सगळा व्यवहार तोंडी. मामलेदाराच्या कचेरीत एकाच माणसाला एक बाजू राखणदार म्हणणार, दुसरी मुंडकार. धास्तावलेल्या मालकांनी सरळ कुलपे घातली. मुंडकारांनी कोठारे बुडवली, असे सांगणाऱ्यांनी ती व्याख्या एकदा वाचावी. मिरगाआधी कौले परतायला माणूसच नसेल तर एखादे कौल सरकते, वाशाच्या टोकात पाणी मुरते, मागोमाग वाळवी येते. दाराला लावलेले कुलूप मात्र शाबूत.

वारसाहक्काने भर घातली. पोर्तुगीज नागरी संहितेपासूनच मुलामुलींचे वाटे सारखे. वाटण्या रखडल्या की मुंबईपासून लिस्बनपर्यंतच्या वारसांच्या सह्यांसाठी दुरुस्ती अडून राहते. 1978 चा पुरातत्त्व कायदा अधिसूचित स्मारकांपुरता. परसातले कोठार त्यात कुठून येणार?

म्हणून लाकूडच गाव सोडू लागले. खुंट्या काढल्या की सांगाडा सुटा होतो, खांब ट्रकमधून जातात. बाणावलीत पाडलेल्या घरांच्या सामानातून एक संग्रहालय उभे राहिले, तो त्यातला चांगला प्रकार. बाकीचे खांब रेस्टॉरंटांच्या दर्शनी भागात, छताचे कसलेही ओझे न पेलता उभे असतात.

जागेवरच वापर करायचा तर जुनी धास्ती आडवी येते. कॅफेवाल्यालाही अनेक मालक 11 महिन्यांच्या करारावरच जागा देतात. तेवढ्या मुदतीवर सडलेली तुळई कोण बदलणार? तो वर पत्रा घालून मोकळा होतो.