नाव बदललं म्हणून फाइल बदलत नाही

‘पावसाच्या नोंदीची एक्सेल फाइल सीएसव्ही करायची? नावातलं .एक्सएलएसएक्स खोडून .सीएसव्ही लिहा, झालं.’ हा सल्ला गावोगावच्या ग्रुपवर फिरत असतो. (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी मजकूर फाइल.) करून पाहणाऱ्याला तो खराही वाटतो, कारण फाइलचं चिन्ह लगेच बदलतं.

पण टिंबानंतरची अक्षरं म्हणजे धान्याच्या कट्ट्यावरची चिठ्ठी. तुरीच्या कट्ट्यावर सोयाबीन लिहिलं तरी आत तूरच. चिठ्ठीवरून संगणक फक्त कोणता प्रोग्राम उघडायचा ते ठरवतो. आतला मजकूर जसाच्या तसा राहतो.

तपासणं सोपं आहे. फाइलची प्रत काढून नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीलाच ‘पीके’ ही दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढे गिचमिड दिसली, तर ती अजून एक्सेलचीच आहे. एक्सएलएसएक्स मुळात झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेलं गाठोडं असते, ही तिचीच खूण. खऱ्या सीएसव्हीत ‘आर्वी,12.4’ अशा साध्या ओळी वाचता येतात.

हवामानाची आकडेवारी ठेवणाऱ्या .एनसी, म्हणजे नेटसीडीएफ प्रकारच्या फाइलींत तर आवृत्तीही आतच लिहिलेली असते. जुन्या नेटसीडीएफमध्ये सुरुवातीला ‘सीडीएफ’ ही तीन अक्षरं आणि लगेच पुढचा, म्हणजे फाइलमधला चौथा बाइट 1, 2 किंवा 5 असतो. नेटसीडीएफ-4 ही नवी आवृत्ती आतून एचडीएफ5 या वेगळ्याच प्रकारची असते. नाव मात्र दोन्हींचं .एनसीच. खरा प्रकार नेटसीडीएफच्या साधनांतली ‘एनसीडम्प -के’ ही आज्ञा सांगते.

रूपांतर हवंच असेल तर एक्सेलच्या ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ निवडा. नुसतं ‘सीएसव्ही’ घेतलं की मराठीतल्या गावांच्या नावांची बहुधा प्रश्नचिन्हं होतात. सीएसव्हीत उघडी असलेली एकच शीट उतरते, सूत्रं पुसली जाऊन आकडे उरतात. मूळ फाइल जपून ठेवा.