जुन्या मोटारींचा गंज : गोवा

मोटारीच्या पोलादी पत्र्याचे पाणी आणि ऑक्सिजन यांच्यामुळे होणारे क्षरण म्हणजे गंज. दमट हवेच्या सर्वच प्रदेशांत तो आढळतो. परंतु गोव्यात समुद्राची खारी हवा आणि वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पडणारा, त्यातही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणारा पाऊस एकत्र येत असल्यामुळे जुन्या गाडीचे उरलेले आयुष्य पुष्कळदा इंजिनापेक्षा पत्र्यावरूनच ठरते. इंजिनाचे काम काढता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. दाराखालची सिल आणि फ्लोअर सडले, तर मात्र पत्रा कापून नव्याने घडवावा लागतो आणि ते काम नेटके करणारा कारागीर सहजी मिळत नाही.

पत्र्यावर पाण्याचा थेंब राहिला की त्याच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी पोचतो आणि कडेला अधिक. या फरकातून एक सूक्ष्म विद्युत घट (छोट्या बॅटरीसारखी रचना) तयार होतो, मधले लोखंड विरघळू लागते आणि काही अंतरावर तांबूस ऑक्साइडाचे कडे जमते. पाण्यात मीठ असले तर विद्युतवहन वाढते आणि क्लोराइड आयन पत्र्यावरील संरक्षक पापुद्रा फोडतात. समुद्री मिठात सोडियम क्लोराइडाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते सुमारे ३३ टक्के सापेक्ष आर्द्रतेलाच हवेतील बाष्प ओढून ओले होते, आणि गोव्याच्या किनारपट्टीवर हवा इतकी कोरडी सहसा होत नाही. त्यामुळे पाऊस थांबून महिने लोटले तरी मीठ बसलेला पत्रा पुरता वाळत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला खालून उचलतो आणि दोन पत्र्यांमधील शिवण फुगवतो.

बॉनेट, टप, दारांची बाहेरची बाजू हे भाग पावसाने धुऊन निघतात आणि उन्हाने वाळतात. चाकांवरील कमानी, फ्लोअरची खालची बाजू, बंपरच्या मागची पोकळी येथे मात्र मीठ पोचते, पण ते धुणारा पाऊस पोचत नाही. पत्रा सडण्याची सुरुवात अशाच आडोशाच्या जागी होते, म्हणून चकचकीत टपावरून गाडीची परीक्षा करणे फसवे ठरते. किनाऱ्यापासून आत गेल्यावर हवेतील मिठाचे प्रमाण झपाट्याने घटते, त्यामुळे कळंगुट किंवा कोलवा येथे उघड्यावर उभी राहणारी गाडी वाळपईच्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. तथापि मांडवी आणि जुवारी या भरती-ओहोटीच्या नद्या आहेत, उन्हाळ्यात त्यांचे खारे पाणी बरेच आतवर चढते. दिवाडी किंवा चोडण बेटावर फेरीबोटीने ये-जा करणाऱ्या गाडीच्या चाकांना धक्क्यावरच हे पाणी लागते. आतल्या तालुक्यांत मीठ कमी असले तरी जांभ्याची तांबडी माती कमानीत लिंपून बसते आणि ओल धरते.

गोव्यात अजून टिकून असलेल्या जुन्या गाड्यांत ॲम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेली मारुती ८०० ही नावे ओळखीची आहेत. या तिन्ही गाड्यांना वेगळी चॅसी, म्हणजे भार पेलणारा स्वतंत्र पोलादी सांगाडा, नाही. पत्र्याची अंगकाठीच भार पेलते. सिल आणि तळाचे पेटीसारखे आडवे-उभे पट्टे पोकळ असतात. अलीकडच्या मोटारींचा सांगाडा प्रायमरच्या कुंडात बुडवून विजेच्या साहाय्याने आतूनबाहेरून लेपतात आणि बराचसा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. जुन्या गाड्यांच्या पोकळ्यांना असे संरक्षण नसे किंवा अपुरे असे. पट्टा आतून पोखरत जातो आणि बाहेरच्या रंगावर फोड दिसतो तोवर पत्र्याची जाडी संपत आलेली असते.

शोध घेण्यासाठी गाडी धुऊन, वाळवून, जॅकस्टँडवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या पक्क्या आधारांवर) घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. आतील गालिचा आणि त्याखालचे नमद्यासारखे जाड अस्तर उचलून पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण काचेच्या कडेच्या जुनाट रबरी पट्टीतून (बीडिंग) किंवा वातानुकूलन यंत्राच्या तुंबलेल्या नळीतून आलेले पाणी त्या अस्तरात महिनोन्‌महिने मुरलेले असते. दाराची खालची कड नखाने चाचपावी. तेथे पाणी निथळण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात; ती माती आणि जुन्या रंगाने बुजली की पावसाळाभर दाराच्या पोटात पाणी राहते, आणि दार हलवले की ते आत डुचमळल्याचा आवाज येतो. बॉनेट आणि काच यांमधल्या जाळीखाली आंब्या-फणसाच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कुजक्या पानांचा थर हमखास सापडतो. याशिवाय बॅटरीचा ट्रे, डिकीतील स्टेपनीची खळगी, सस्पेन्शनचे सांधे, सीटबेल्टचे बोल्ट आणि जॅक लावण्याच्या जागा तपासाव्यात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक जेथे नीट धरत नाही तेथे रंगाखाली पुट्टी (खड्डे भरण्याचा लगदा) आहे असे समजावे. ब्रेकच्या पोलादी नळ्यांवर खवले धरलेले दिसले, तर त्या घासत न बसता बदलाव्यात. ब्रेक अचानक निकामी होण्याचा धोका त्यांत आहे.

दुरुस्ती गंजाच्या खोलीवर अवलंबून असते. वरवरचा गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चमकता पत्रा लागेपर्यंत काढावा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचे द्रावण लावतात. पहिल्याने लोह फॉस्फेटाचा आणि दुसऱ्याने लोह टॅनेटाचा काळसर, स्थिर थर तयार होतो. हे द्रावण पातळ गंजावरच चालते. सुटणाऱ्या खपल्यांवर ते लावले तर खालचा गंज तसाच राहतो. पत्र्याला भोक पडले असेल, तर निरोगी धातू लागेपर्यंत कापणे आणि त्याच जाडीचा, म्हणजे बहुधा ०.८ ते १ मिमी.चा, तुकडा वेल्ड करणे हाच खरा उपाय आहे. पातळ पत्रा तापून वेडावाकडा होऊ नये म्हणून कार्बन डायऑक्साइड वेल्डिंगने लहान लहान टाके आलटून-पालटून घेतात. त्याआधी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात, आणि काम पेट्रोलच्या टाकीजवळ असेल तर टाकी उतरवावी. टाका घातल्यावर शिवणीला सीलर आणि आतल्या बाजूला मेण दिले नाही, तर वेल्डिंगने जळालेली ती उघडी रेघच सर्वांत आधी गंजते.

पुट्टी ही उथळ खड्डा सपाट करण्यासाठी असते. भोकावर जाळी किंवा वर्तमानपत्राचा बोळा लावून वर पुट्टी थापण्याची जी रीत विकाऊ गाड्यांत दिसते, ती दुरुस्ती नव्हे. पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते, म्हणून निरोगी पत्र्यावरही आधी इपॉक्सी प्रायमर द्यावा. रेड ऑक्साइड प्रायमरही सच्छिद्र असतो. त्यावर रंग न चढवता गाडी पावसात वापरली तर पाणी खाली झिरपते. सिल आणि सस्पेन्शनच्या सांध्यांवर पुट्टी लपवलेली गाडी धडक झाल्यास आत बसणाऱ्यांचे रक्षण करू शकत नाही, हे विकत घेणाऱ्याला सांगितले जाणे अत्यावश्यक आहे.

गोव्यात टिंकरिंग (पत्र्याची दुरुस्ती) आणि रंगाचे काम नोव्हेंबर ते मे या काळात करणे श्रेयस्कर असते. पावसाळी हवेत लवकर वाळणाऱ्या रंगाच्या पृष्ठभागावर बाष्प बसून तो धुरकट पांढरा पडतो, आणि प्रायमरखाली कोंडलेली ओल पुढे फोड आणते. अंडरकोटिंग, म्हणजे तळाला संरक्षक लेप देणे, हेही नोव्हेंबर ते मे याच काळात करावे. डांबरी लेप स्वच्छ पत्र्यावर उपयोगी पडतो. परंतु तो कालांतराने तडकतो आणि तड्यातून शिरलेले पाणी लेपाखाली अडकते, त्यामुळे दर वर्षी तो ठोकून पाहावा लागतो. पोकळ पट्ट्यांत लांब नळीच्या फवाऱ्याने मेण सोडणे अधिक भरवशाचे, कारण ते शिवणीत झिरपते. मेण सोडताना निचऱ्याची भोके बुजू देऊ नयेत. जळके इंजिन ऑइल तळाला फासण्याच्या जुन्या रिवाजाने सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी बुश फुगतात आणि ते ऑइल धुऊन विहिरी-शेतांत जाते. तो सोडून देणेच योग्य.

गाडी धुण्याचे पाणी गोडे असावे. किनाऱ्याजवळच्या काही विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात. अशा पाण्याने धुतलेल्या गाडीवर मीठच चढते. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडते, म्हणून वारा खेळेल असे छप्पर बरे. गवतापेक्षा फरसबंदीवर किंवा काँक्रिटवर गाडी उभी करावी. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे. तरीही एखाद्या गाडीला खारे पाणी लागलेच, तर त्याच दिवशी कमानी, सस्पेन्शन, ब्रेक आणि तळ गोड्या पाण्याच्या सौम्य धारेने धुवावा, दारे उघडी ठेवावीत, आणि ब्रेक वाळण्यासाठी गाडी थोडी चालवून मगच उभी करावी.